यल्लाचं वजन

अरविंदराव, आणि इथे जमलेले आपण सगळे.

खुर्च्या कमी पडल्या आहेत. मागे बरेच जण उभे आहेत, काही जण शिफ्ट संपवून तसेच युनिफॉर्मवर आलेले दिसताहेत. दोह्याहून आलेल्यांना परतीची बस गाठायची आहे. म्हणून मी लांबवणार नाही. मला कितपत बोलता येईल ते माहीत नाही, म्हणून कागदावर लिहून आणलंय. मधेच थांबले तर तुम्हीही थोडं थांबा.

बऱ्याच जणांना मी माहीत आहे. नसेल त्यांच्यासाठी सांगते, मी वैशाली. इथे कतारमध्ये, मेसईदच्या कंपनी कॉलनीत नलूताई आणि अरविंदराव या जोडप्याची शेजारीण. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. त्यांच्याकडची फोडणी मला ऐकू यायची. सहा वर्षं ऐकू येत होती.

एका सोमवारी त्या मागच्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. चादर अर्धी दोरीवर, अर्धी जमिनीवर, आणि नलूताई खाली. त्यानंतर दहा दिवस. फक्त दहा दिवस. दोह्याच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटाचा आजार आहे, पसरलाय, बरेच महिने असणार. बरेच महिने. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये उभी होते. मला वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत.

अजूनही वाटतं. परवा फोडणीचा वास आला तर मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, आज काय हो नलूताई? वास माझ्याच कढईचा होता.

मला आज त्यांच्या एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. कुत्र्यांबद्दल. इथे निदान सात-आठ घरं अशी आहेत, ज्यांची कुत्री नलूताईंमुळे धडधाकट आहेत. त्यांचे वडील नाशिकजवळ गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. "मी डॉक्टर नाही गं, कंपाउंडरची पोरगी आहे," असं म्हणायच्या आणि मग डॉक्टरला लाजवेल असं तपासायच्या.

आमचा यल्ला कसा आला ते कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. बसच्या मागे धावत आलेलं वाळवंटातलं पिल्लू. ड्रायव्हर त्याला हाकलायला "यल्ला, यल्ला", म्हणजे अरबीत चल, नीघ, असं ओरडत होता आणि हे शहाणं तेच आपलं नाव समजून जवळ येत होतं. माझी मुलगी मुक्ता त्याला उचलून घरी घेऊन आली. मी म्हटलं, परत सोडून ये. दोह्याला जनावरांचा डॉक्टर किती घेतो माहितीये? त्यापेक्षा माणसाचं औषध स्वस्त. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "वैशू, त्याला खाली ठेवू नकोस, फरशीवर गोचिडी पडतील. मी येते."

आल्या, आणि चार वर्षं येतच राहिल्या.

दर शुक्रवारी दहा मिनिटं. हा त्यांचा नियम. कान उघडून वास घ्यायचा. ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायची, पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी होते का बघायचं. बोटांच्या बेचक्यांत गोचीड. दात फडक्यानं पुसायचे. फिरायला न्यायच्या आधी आपला हात उलटा करून डांबरावर टेकवायचा, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. ताटातलं उरलेलं घालायचं नाही, कांदा तर मुळीच नाही. आणि महिन्यातून एकदा वजन. "लठ्ठ कुत्रं आणि एकदम रोडावलेलं कुत्रं, दोन्ही खर्चात पाडतात," म्हणायच्या.

लसीचे पैसे मात्र त्यांनी कोणाला वाचवू दिले नाहीत. लस म्हणजे लस. त्यासाठी हमीदभाईंचा पिकअप. हमीदभाई, तुम्ही मागे उभे आहात, दिसलात मला. पहिल्या वेळी तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "ताई, मी कुत्र्याला हात लावणार नाय, पण गाडी तुमचीच समजा." नलूताई म्हणाल्या, "हात नको लावू, खड्डे तेवढे चुकव." मग मागच्या हौद्यात चार घरांची चार कुत्री, मधे चादर टाकून नलूताई बसलेल्या. एकाच फेरीत चौघांच्या लशी. दोह्यापर्यंत लोक वळून वळून बघायचे.

पण त्या सगळ्यात जास्त कशावर चिडायच्या सांगू? आपल्या जूनवर.

आपण सगळे इथे काय करतो? दात दुखला, जूनमध्ये दाखवू. चष्म्याचा नंबर वाढला, जूनमध्ये. रक्त तपासायचंय, जूनमध्ये गावी गेल्यावर एकदमच. तिकडे आपले डॉक्टर आहेत, आपली भाषा आहे, पैसेही कमी लागतात. हेल्थ कार्ड ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. मीही तेच करते. एकदा यल्लाच्या कानातून पाणी यायला लागलं, तर मी म्हटलं, बघू, दोन-तीन आठवडे जाऊ देत. नलूताई तडकल्या. "त्याला जून नसतो, बाई. आज दोन थेंबांत भागेल. महिन्यानं कान कापायला लागेल, मग रड डॉक्टर महाग म्हणून." आणि त्याच दुपारी हमीदभाईंचा पिकअप.

हे त्या आम्हाला सांगायच्या. त्या.

जानेवारीत माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आलेल्या बायका त्यांना म्हणाल्या, नलूताई, काय बारीक झालात हो, काय करता? मीही म्हटलं. त्या हसल्या. "या यल्लाला फिरवते ना, त्यानं मलाच फिरवलं." आम्ही सगळ्या हसलो. फेब्रुवारीत म्हणाल्या, हल्ली जेवण वर येतं गं, पित्त झालंय. मी आलेपाक दिला. मार्चमध्ये म्हणाल्या, बघू, जूनमध्ये तिकडे गेले की दाखवते.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, हो, तेच बरं.

आता मला जे सांगायचंय ते इथे सांगू की नको, हे मी अरविंदरावांना काल विचारलं. ते म्हणाले, सांग. म्हणून सांगते.

यल्लाचं वजन आम्ही घरच्या काट्यावर करायचो, माणसं करतात त्या. कुत्रं एकटं काट्यावर उभं राहत नाही. म्हणून आधी माणसानं एकट्यानं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं. माझ्या पाठीचं ऑपरेशन झालंय, मला उचलता येत नाही. म्हणून नलूताई उभ्या राहायच्या आणि मी लिहायचे. स्वयंपाकघरात गावाहून आणलेलं कॅलेंडर आहे, ज्यावर आपण दुधाचं लिहितो, गॅसचं लिहितो, तसं शेवटच्या शुक्रवारच्या चौकोनात. वर दोघांचं मिळून, खाली त्यांचं एकटीचं, आणि बाजूला गोल करून यल्लाचं. मुक्ता त्या गोलावर कुत्र्याचे कान काढायची.

नलूताई जाऊन दोन शुक्रवार झाले. त्यातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी यल्ला उठला आणि काट्याजवळ जाऊन बसला. नेहमीच्या वेळेला. हलेना. मुक्ता म्हणाली, "आई, ही इज वेटिंग फॉर हर." मी काटा उचलून ठेवायला गेले आणि कॅलेंडरकडे बघितलं. सहज. मागच्या महिन्यात किती भरला होता, एवढंच बघायला.

गोलात चौदा होतं. त्याच्या आधी चौदा. त्याच्या आधी साडेचौदा, त्याच्या आधी चौदा. नवीन कॅलेंडरच्या मागे त्याच खिळ्याला जुनं लटकत होतं, तेही उलटून पाहिलं. चौदा, चौदा. किती छान राखलंय त्याला, असं मनात आलं.

मग माझी नजर दुसऱ्या आकड्यावर गेली.

सप्टेंबर, एकसष्ट. नोव्हेंबर, साठ. जानेवारी, सत्तावन्न. फेब्रुवारी, चोपन्न. मार्च, बावन्न. एप्रिल, एकोणपन्नास.

अक्षर माझं आहे. सगळे आकडे मी लिहिलेत. माझ्या हातानं, माझ्या पेननं. दर महिन्याला मी तो आकडा लिहिला आणि वजा करून टाकला.

मी तिथेच खाली फरशीवर बसले. मुक्ता विचारत होती काय झालं.

तुम्ही म्हणाल, लक्षात कसं आलं नाही? मीही तेच विचारते आहे. आलं होतं, हे जास्त वाईट आहे. फेब्रुवारीत मी म्हटलं होतं, नलूताई, हा काटा काहीतरी भलतंच दाखवतोय. त्या म्हणाल्या, "म्हातारा झालाय तो काटा." खालची ती चकती फिरवून आम्ही शून्य नीट लावलं. तरी तेच. तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे गं. चुकला तरी दोन्ही वेळा सारखाच चुकतो. वजाबाकीत काय फरक पडतो?" आणि मला ते पटलं. इतकं पटलं, की मी परत त्या आकड्याकडे पाहिलंच नाही. आम्हाला यल्लाचं वजन हवं होतं. ते बरोबर येत होतं.

त्यांना कळलं होतं का? वजन उतरलं की आधी डॉक्टर, हे आम्हाला शिकवणाऱ्या त्याच. मला वाटतं कळलं होतं, थोडंसं. आणि मला वाटतं, जून जवळ आला होता. हे मी नक्की सांगू शकत नाही. आता विचारता येत नाही.

एप्रिलचा तो शुक्रवार मला रोज दिसतो. त्यांनी यल्लाला उचललं. काट्यावर चढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. म्हणाल्या, "जड झालाय गं हा."

मी वजा केलं. म्हटलं, "नाही हो नलूताई, चौदाच आहे."

"नीट बघ. जड लागतोय."

"चौदाच. हे बघा."

"तरी पण एक मूठ भात कमी कर त्याचा."

मी त्याचा भात कमी केला. आठवडाभर बिचारा ताटली चाटत बसायचा. एक मूठ भात. एवढं मी केलं.

काल मी कॅलेंडर घेऊन अरविंदरावांकडे गेले. ते परवाच नाशिकहून परत आलेत. मला वाटलं होतं, ते मला कधीच माफ करणार नाहीत. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वैशाली, मी रोज तिच्या समोर बसून जेवत होतो. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. मी म्हटलं, छोट्या मापाच्या आणू, जूनमध्ये." आणि म्हणाले, "उद्या सांग हे. जून सगळ्यांनाच आहे."

म्हणून सांगितलं. कोणाला लाज वाटावी म्हणून नाही. वाटायची ती मला वाटते आहे. पण या हॉलमध्ये आत्ता कोणाच्या तरी खिशात जूनसाठी ठेवलेलं काहीतरी असेल. एखादी गाठ, एखादा खोकला, जिना चढताना लागणारी धाप. ते काढा. हेल्थ कार्ड ड्रॉवरमधून काढा. हमीदभाईंचा पिकअप आहे. ते मघाशी दारात मला म्हणाले, "वैनी, आता माणसांना पण नेतो. इन्शाल्ला, खड्डे चुकवत नेतो."

यल्लाची काळजी करू नका. शुक्रवारची दहा मिनिटं मी चालू ठेवलीत. परवा त्याला मुक्तानं उचललं. आधी ती एकटी काट्यावर उभी राहिली, आणि मी तिचा आकडा दोनदा वाचला. मोठ्यानं वाचला. ती म्हणाली, "आई, दॅट्स मी, नॉट हिम." मी म्हटलं, माहितीये.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. एक विनंती आहे. एरवी अशा वेळी आपण डोळे मिटतो. आज उघडे ठेवा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे नीट बघा, नलूताई बघायच्या तसं. मी अरविंदरावांकडे बघणार आहे. त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झालीय, ती मला इथून दिसते आहे.

नलूताई, नमस्कार करते. तुम्ही म्हणालात म्हणून नीट बघितलं, उशिरा बघितलं. यल्ला चौदाच होता. तो जड झाला नव्हता.