प्यायच्या पान्याची सुनावनी

...मंग मी म्हनलं, आरं टँकर कुठं गेला आमचा? सकाळधरनं हंडं मांडून बसल्यात बाया! तर काकासाहेब, म्हंजी आमचा सरपंच, तोंडभरून हसला आन म्हनला, "साळूकाकू, टँकर आज मंडपाकडं वळवलाय. जिल्ह्याचे सायेब येनार, धुरळा उडाय नको, पटांगन शिंपडून घेतलं." शिंपडलं! प्यायचं पानी! तुमाला सांगते, आसा संताप आला... पर करती काय, सुनावनी आमच्याचसाठी ना! आमी न्याय न्हवता मागितला वो, पानी मागितलं हुतं!

तुमी म्हनाल, सुनावनी कसली? आवो, सुप्याला जाताना मधीच आमची वस्ती, वरच्या अंगाला कारखाना, त्याचं घान पानी वढ्यात, वढ्यातनं आमच्या हिरीत. हीर उपसली की फेस येतो. म्हशी तोंड लावंनात! चिखलात लोळनारं जनावर, ते बी नाक मुरडतंय! आन माझी सून स्नेहल, सातवा लागलाय तिला. डॉक्टरीनबाईनं बजावलंय, "ह्या विहिरीचं पाणी घोटभरसुद्धा पोटात जाता कामा नये." मंग काय प्यायचं तिनं? वारा? कारखान्यात गेले तर मॅनेजर म्हन्तो, "मावशी, पाणी उताराकडे जातं, आम्ही काय करणार?" मान्य! पर समदा उतार गरिबाच्याच दारात कसा येतो? तुझ्या बंगल्याकडं का न्हाई जात एखादा?

शेवटी सरकारात अर्ज केला, त्याचीच ही सुनावनी. तर मंडपात गेले. सुनावनी धाची, सायेब आले बाराला. आले की सत्कार सुरू! सायबाचा सत्कार, सायबाच्या सायबाचा सत्कार, सायबाच्या ड्रायव्हरचा बी सत्कार, आन मंग... मॅनेजरचा सत्कार! आरं, कशापायी? तर मंडप त्यानं दिला म्हनून! ज्यानं हीर नासवली त्याच्याच सावलीत बसून आमी त्याच्याचसाठी टाळ्या वाजवायच्या! मंग सायेब उठले, घसा खाकरला. "बंधू-भगिनींनो, यापुढे शासनाच्या प्रत्येक धोरणात, प्रत्येक योजनेत, पर्यावरणीय न्याय अंतर्भूत असेल!" रस्त्याच्या योजनेत न्याय, घरकुलाच्या योजनेत न्याय, संडासाच्या योजनेत बी न्याय... आवो, पान्याच्या योजनेत आदी पानी घाला की! त्यांच्याम्होरं टेबलावर बिसलेरीच्या बाटल्या, आन आमी बाया पदरानं घाम पुसतोय. न्याय न्हवता वो मागितला, पानी मागितलं हुतं!

शेवटाला म्हनलं, आता बास. उठले, पदर खोचला, तरातरा गेले इस्टेजवर. आज एकेकाची बिनपान्यानं हजामत करते! माइकला हात घालनार तेवढ्यात काकासाहेब वरडला, "बाधित महिलांच्या प्रतिनिधी साळूबाई यांचा सत्कार मॅनेजर साहेबांनी करावा अशी मी विनंती करतो!" आन घातली की शाल खांद्यावर! हातात नारळ! आता आपल्यात रीत काय हाय? अंगावर शाल पडली की मानसानं हात जोडायचे. शाल पांघरून कुनाला शिवी देता येती व्हय? ववाळनीच्या ताटापुढं भांडल्यावानी दिसतंय ते! तोंडात आलेलं समदं गिळलं, जोडले हात. फोटो निघाला, तेवढ्यात राष्ट्रगीत लावलं, समदे ताठ उभे. सुनावनी खलास! आन माइकवर सांगितलं काय, तर "बाधितांचे समाधान झाले आहे." माझ्या जोडलेल्या हातांना समाधान म्हन्त्यात ह्ये! आसं वाटलं, त्यो नारळ तिथंच आपटावा मॅनेजरच्या बुटापाशी... पर न्हाई आपटला.

घरी आले, तर स्नेहल उंबऱ्यात बसलेली, ओठ सुकलेलं. "आत्या, टँकर आला का वो?" काय सांगू तिला? त्यो पटांगनात जिरला म्हनून? नारळ फोडला. आर्धी वाटी निघालं. एका दमात पेली पोरगी, वाटी चाटली, म्हनली, "ग्वाड हाय वो आत्या." रडू आलं मला, खोटं कशाला बोलू! येवढं मोठं सरकार, येवढी धोरनं, आन त्यातनं माझ्या घरात आलेलं चांगलं पानी किती, तर आर्धी वाटी!

म्हनून इचारते, तुमच्यात कुनाची वर वळख हाय का? आसली तर पुढची सुनावनी कवा हाय तेवढं बघा, आन सत्काराला माझंच नाव सुचवा. शाल नका देऊ वाटलं तर. सुनेचं अजून दोन-तीन म्हयनं निघायचं हायत.