काचेच्या दारामागची झोप

घराला काचेचं दार बसवायचं असेल, तर आधी शेजारीण बघून घ्या. आमच्या कारेगावात दुपारी दार लोटलेलं दिसलं, की आलेली बाई घरातली झोपली असं समजून माघारी जाते. दिवसभरात तेवढाच तास माझा. बाकी सगळा रानात नि चुलीपाशी जातो.

नवं घर बांधलं तसा पोरगा मला शिरूरला दुकानात घेऊन गेला. घडी होऊन सरकणारं काचेचं दार दाखवत दुकानदार म्हणाला, "मावशी, यानं घर कसं मोकळं मोकळं वाटतं."

"मोकळंच पायजे व्हतं, तर भिंती कशाला बांधल्या?"

"आई, तू गप. आता सगळी हेच बसवत्यात," पोरगा म्हणाला, आन् तेच बसवलं. पडदाही लावू देईना. म्हणे, झाकायची तर काच घेतली कशाला?

पहिल्याच दुपारी मी आडवी झाले, तर शेजारची सखू काचेला नाक लावून उभी. मी डोळे गच्च मिटले.

"वहिनी, झोपला व्हय?"

"व्हय!" मी मिटल्या डोळ्यांनीच ओरडले.

"मग पडा की. दार मीच सरकवते, तुम्ही उठून नुसता चहा टाका."