धोंडप्पाच्या नावाची पाटी

विषय असा — हळ्ळीखेडचा धोंडप्पा मोची याने, आपण केलेल्या चपला या दुकानात कुठे मांडल्या आहेत ते आत येऊन बायकोला दाखवण्याची परवानगी मागितल्याबाबत. घ्या वकीलसाहेब, तुम्हीच विचारलंत ना, पायरीवर ती दोघं कोण बसलीत म्हणून — तर हे असं प्रकरण आहे. हसू नका. हुमनाबादच्या तहसील कचेरीत जन्म गेला माझा, विषय मांडल्याशिवाय मला घरात चहासुद्धा मागता येत नाही. बसा, गादीवर बसा, पाय पुढं करा. हा जोड घालून बघा. चावणार नाही. धोंडप्पाचा जोड पहिल्या दिवशीही चावत नाही. तुमचे बूट असू देत तिथंच, त्यानंच सरळ करून ठेवलेत पायरीवर.

नोकरी संपून वजिफा सुरू झाला की लोक काशीला जातात, मी दुकान काढलं. गिरणीचा माल ठेवायचा नाही — आजूबाजूच्या गावांत हातानं केलेलं तेवढंच विकायचं, आणि ज्यानं केलं त्याचं नाव वर पाटीवर लिहायचं. कल्पना माझी. तालुकदारसाहेब येऊन वाहवा करून गेले. घेतलं काही नाही, पण वाहवा भरपूर केली. त्या गोधड्या खजुरीच्या गुरुबाईच्या — दिसली पाटी? ती येते आणि सगळ्या घड्या मोडून पुन्हा घालते, 'अण्णा, तुमची घडी म्हंजे दप्तराची घडी' म्हणते. येते म्हणजे, आत येते. बीदरचे सुरईवाले याच गादीवर बसून चहा पितात. व्हय, आत. धोंडप्पाचं वेगळं आहे — कामून म्हणता? तुम्हाला ठाऊक आहे कामून. तुम्ही गुलबर्ग्याहून आलात, विलायतेहून नाही. तो जोड पायरीवर ठेवतो, मी वरून पाणी शिंपडतो, आणि आत घेऊन फळीवर मांडतो. चपलेला मज्जाव नाही. चपलेबद्दल कुणाची तक्रार नाही.

आणि त्यात मी बसवण्णांचा माणूस. दरसाल मठात बोलायला मीच उभा राहतो. कल्याण इथून काय लांब आहे? तिथल्या त्या शरण मोच्याची गोष्ट सांगतो — नवराबायकोनं आपापल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पायताणं केली, आणि बसवण्णांनी ती पायात न घालता डोक्यावर घेतली. मी सांगायला लागलो की बायका पदर डोळ्यांना लावतात. मी स्वतः रडतो, खोटं कशाला सांगू. यंदा धोंडप्पा मठाच्या भिंतीबाहेर उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी दारात हजर — 'लई ग्वाड सांगितलं बगा अण्णा. मग म्या बायकूला आणू का, फळी दावायला?' म्हणजे बघा, गोष्ट सांगितली मी, आणि ती खरी धरून बसला तो.

मी नाही म्हटलं नाही. कचेरीत कुणी कधी नाही म्हणतं का? मी म्हटलं, लेखी दे. त्याला लिहिता येत नाही हे माहीत होतं — म्हणूनच म्हटलं. तर हा गडी अर्जनविसाकडं जाऊन उर्दूत दरखास्त लिहून घेऊन आला, 'फिदवी धोंडप्पा', म्हणजे आपला ताबेदार, वगैरे, सगळं कायदेशीर. आपल्या हातच्या चपला बघायला दरखास्त! मी ती चष्मा लावून वाचली, आणि म्हटलं, बायकोचा अंगठा नाही यावर. म्हणून आज तिला घेऊन आला. नवं लुगडं नेसून आलीय भागम्मा, बघा. मी म्हटलं, फळीच पायरीवर आणून दाखवतो, तर ती काय म्हणते — 'फळी आमच्या घरी बी हाय, अण्णा. फळी बघायला कामून येऊ इतक्या लांब?' तिचा नवऱ्यावर भरवसा नाही. तो सांगतो, दुकानात माझ्या नावाची पाटी हाय, आपल्याला वळखू यावी म्हणून अण्णांनी नावाशेजारी आरीचं चित्र काढून घेतलंय. ती म्हणते, 'तुझ्या नावाची पाटी, आन भर बाजारात? गप जेव.'

आता समोर लिंगराज सावकाराची पेढी. त्यानं सांगून ठेवलंय, मोची आत आला की गिऱ्हाईक बाहेर. मग गुरुबाईनं काय करायचं? घोंगड्यावाल्यांनी काय करायचं? मी काय माझ्यापुरतं बघतोय का? सगळ्यांच्या पोटाचं बघावं लागतं — असं बघू नका हो माझ्याकडं, मी तुमचा साक्षीदार न्हाई.

कुठं उठलात? ती घोंगडी सारू नका — मुद्दाम टांगलीय, ऊन येतं, चामडं खराब होतं. व्हय, फळी तिच्यामागंच. पाटी? आहे की पाटी, ही काय. कोरी नाही हो. उलटी आहे. नाव भिंतीकडच्या अंगाला आहे. सावकार म्हणाला, आत घेत नाहीस ते ठीक, पण नाव तरी गुरुबाईच्या ओळीत कशाला — म्हणून उलटी केली. काढली नाही! काढणं वेगळं, उलटं करणं वेगळं. धोंडप्पाला सांगायचं राहिलं, एवढंच. तशी वेळच आली नाही, तो आत कुठं येतो — अहो, हात लावू नका. वकीलसाहेब! बरं, घोंगडी तरी सोडा, पायरीवरून सरळ दिसतंय —

केलीत सुलटी.

बघायलीय ती. उभी राहिलीय. आरी दिसली तिला.

'आत्ता सरळ केली व्हय, अण्णा?'

ऐकलंत? एवढंच म्हणाली. आणि तो पाटीकडं बघतसुद्धा नाही, माझ्याकडं बघायलाय. — नको, तो जोड राहू द्या, आज विक्री नाही. तुम्ही निघा. काय? अर्जाचं?

अर्ज माझ्याकडे आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.