नट दुसऱ्यांदा जड झाला तेव्हा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, वर्कशॉपमधले माझे सोबती, आणि जिथून उठूच नयेत असं सगळ्यांना वाटतं त्या खुर्चीतल्या आमच्या शिवणताई, आपणा सर्वांना नमस्कार.

ताईंनी जुन्या विमानांच्या पंखांवर एकतीस वर्षं कापड शिवलं, हे मघाशी सांगून झालं. मी फक्त तीन वर्षांपूर्वीची एक दुपार सांगणार आहे.

त्या दुपारी आम्ही एका म्हाताऱ्या विमानाचा प्रोपेलर उतरवत होतो. लाकडी, पितळी कडांचा. लोक सात फुटी म्हणतात. सहा फूट अकरा इंच आहे, मी मोजलाय. पाना माझ्या हातात. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही, पुस्तकं पालथी घालून शिकलो, हे तुम्ही माझ्याकडून ऐकलं असेलच. (हसा, हसा.)

मधला मोठा नट दोन फेरे सैल झाला आणि मग हलेचना. मी म्हटलं, "आटे गेले. कापा." लोखंड कापायची करवत आली. ती आतल्या, इंजिनाच्या दांड्याला नुसती चाटून गेली असती, तरी ते विमान पुन्हा उडालं असतं का?

"इंजिनियरसाहेब," कोपऱ्यातून ताई म्हणाल्या, सुई न थांबवता, "अडकला नाही हो तो. ओढतोय."

"कुणाला?"

"प्रोपेलरला. याआधी तीन उतरताना पाहिलेत. आधी सैल, मग जड. फिरवा की निमूट!"

राग आला मला. पण फिरवला. आणि खरंच, नट प्रोपेलरमध्येच बसवलेल्या कडीला आतून टेकून प्रोपेलरला बाहेर ओढत होता. म्हणूनच जड झाला होता! कुणाच्या खांद्यावरून झोपलेलं मूल अलगद घ्यावं, तसा तो आमच्या हातांत आला. छपराच्या फटीतून तिरपं ऊन. खाली ठेवा, असं कुणी म्हणेना. आम्ही चौघं तो धरून नुसतेच उभे. जमीन अर्धा इंच खाली गेल्यासारखी वाटली. मोजली नाही.

टाळ्या मला मिळाल्या. मी घेतल्या. नोंदवहीत लिहिलं, 'अडकलेला नट युक्तीने सोडवला', खाली माझी सही. येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट रंगवून सांगितली, ताईंच्या देखत.

आज सकाळी ती ओळ खोडून खरं लिहिलं. ताईंना विचारलं, "इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही फार छान सांगायचात हो," त्या म्हणाल्या.

मंडळी, ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर आपण पोटात घालाल. ताई, तुम्ही मात्र घालू नका. आज सगळ्यांसमोर सांगा.