मिझरीचे दहावे वाक्य

हॅलो?… बोल, अल्का. ज्याने गृहपाठ दिला, त्याने तो अखेरपर्यंत तपासला पाहिजे. विद्यार्थी जगातून गेला, म्हणून हे ऋण फिटत नाही. तेव्हा काही न लपवता सांग…

हो, तुझ्या भावाची इंग्रजीची वही. 'मिझरी' हा शब्द मीच दिला होता विवेकला… नाही गं, नुसते दुःख नव्हे. ज्यातून बाहेर पडायची वाटच दिसत नाही, अशी दैन्यावस्था. घरातल्या अनुभवावरून दहा वाक्ये लिहायची होती. त्याने नऊच आणली. 'दहावे झाल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवू नकोस,' म्हणालो… आणि त्याच संध्याकाळी तो तलावात…

हो, हो. तीन वर्षे झाली.

काय? दहावे वाक्य उमटले?… आज सकाळी? वहीच्या पेटीला कुलूप होते ना?… किल्ली तुझ्या आईच्या, रुक्माबाईंच्या कमरेला.

अगं, ऐक ना… तुझी आई शाळेत गेली नाही, ठाऊक आहे. पण ती रोज त्याची अक्षरे बोटाने गिरवते, असे तूच सांगितले होतेस. हातालाही वळण लागते, बाळ…

त्यातले शब्द वहीत आधी कुठेच नाहीत?… पूर्णविराम इतका दाबलेला, की कागद फाटला?… ती खोड त्याचीच.

वाच. सावकाश.

…

पुन्हा वाच.

म्हणजे… 'वर्गाच्या दाराशी उभे राहणे, ही मिझरी.'

हॅलो?… आहे, आहे मी. 'तुमची शिक्षा अजून संपून नाही राहिली का, गुरुजी?' असे विचारतेस. विचार. तुझा अधिकार आहे तो.

नको, वही जाळू नकोस! आई काय म्हणते?… 'गुरुजीले म्हणा, झाला ना आता अभ्यास, घ्या त्याले आत.'…

अल्का, इथे दवनीवाड्यात माझ्या ओसरीवर शिकवणी बसली आहे. सकाळपासून दाराजवळ कोणी बसायला तयार नाही. उंबऱ्यापाशी पाणी साचते आहे, म्हणतात. दोनदा पुसले… या एप्रिलच्या उन्हात.

थांब. फोन ठेवू नकोस. आईलाही ऐकू दे…

विवेक, वाक्य बरोबर आहे. आत ये, बाळ. पहिल्या रांगेत बस.

…

हो. मुले सरकली. कोणी न सांगता.

उद्या वही घेऊन ये, सही करतो. आईला आज पोटभर जेवू घाल… तुझे, आईचे, विवेकचे… तुम्हा तिघांचे मंगल होवो. ठेवतो.