शिंग अडकलं

ताई : पळू नकोस, चिमे. पळालीस की गाय उसळेल. फाटक हळूच लावून घे.

चिमी : तू गव्हाणीमागे अशी का बसलीयस?

ताई : ढुशी दिली तिनं. बरगडीत कळ येतेय, उठवत नाही. माझं राहू दे, कोपऱ्यात बघ.

चिमी : अगं बाई! माझा ठेंगू बोकड वासराशी झुंजतोय?

ताई : झुंजतोय कुठला! वासराच्या गळ्यातल्या दोरीत शिंग अडकलंय त्याचं. सुटायला गरागरा फिरला आणि दोरीला पीळ बसला. वासराची जीभ बघ.

चिमी : काळीनिळी पडलीय!

ताई : ओरडू नकोस गं. गाईचं ओलं बाळंतपण आहे. बोकडच आपल्या वासराला मारतोय असं वाटतंय तिला. मी सोडवायला गेले, तर मलाही तिनं त्याच्यातलीच धरलं.

चिमी : विळा आणते, दोरी कापू.

ताई : विळा तिच्या पाठीमागच्या खुंटीला आहे. आणशील?

चिमी : नाही गं, ताई. तिच्या मागे नाही जायची मी.

ताई : मग विळा नको. ठेंग्याला उचल. केवढासा तो! अधांतरी धर आणि उलटा फिरव, पीळ सुटेल. मी गाईला इकडे बोलावते.

चिमी : ती पुन्हा तुझ्या अंगावर येईल!

ताई : मध्ये दगडी गव्हाण आहे. भिंतीला चिकटून जा. ये गं कपिले, ये, इकडे बघ. माझ्याकडे ये.

(खुरांचा धडधडाट, गव्हाणीवर काहीतरी जोरात आदळतं.)

चिमी : ताई!

ताई : आहे मी, आहे! मागे बघू नकोस. उचललास?

चिमी : लाथा झाडतोय. दुसरं शिंग हातात घुसलं माझ्या.

ताई : सोडू नकोस. छातीशी आवळ. फिरव.

चिमी : दोरी आणखी ताणली!

ताई : म्हणजे उलट्या बाजूला! उलट्या! कपिले, इकडे, माझ्याकडेच बघ, राजा...

चिमी : सैल पडली... अजून एक वळसा... निघालं! शिंग निघालं, ताई!

ताई : वासरू?

चिमी : पडलंय. हलत नाही.

ताई : गळा मोकळा कर. नाकपुड्या पूस. छाती चोळ, जोरात.

चिमी : काहीच नाही गं. डोळे उघडेच आहेत.

ताई : चोळत राहा!

चिमी : ...खोकलं! ताई, खोकलं! मान उचलतंय!

ताई : बोकडाला घे आणि फाटकाबाहेर हो. आधी बाहेर हो, मग रड.

चिमी : करडू होता तेव्हाच शिंगं वाढू नयेत म्हणून कोंब डागून घेऊ म्हणत होतीस. एवढ्याशा जिवाला कशाला चटके, म्हणून मीच हट्ट धरला.

ताई : ते आता जाऊ दे. आजच त्याच्या शेळ्यांच्या कळपाला वेगळं कुंपण घालू. आणि वासरांच्या गळ्यातल्या दोऱ्या काढून टाकू.

चिमी : गुरांच्या डॉक्टरला फोन करते. तुझ्यासाठीही कुणाला तरी बोलावते. गाय कुठाय?

ताई : वासराला हुंगून आली. आता गव्हाणीवरून मान घालून माझा हात चाटतेय.

चिमी : चला, शांत झाली बाई. बाटलीनं दूध पाजून वाढवलीस तिला, विसरेल कशी!

ताई : ती नाही विसरली गं. पण तू लवकर ये. हात मागे घ्यायची हिंमत होत नाहीये मला.