चपलेचा अंगठा आणि दहावं दुकान

महागड्या दुकानाबाहेरच्या रांगेत लेकीसोबत उभ्या आईंनी शेवटी पायात कागदी पिशवी घातली. पण तसं काही अजून झालंच नाही, असं समजू.

“फॅशनची गल्ली पायीच बघायची म्हणालीस ना? तुटला चपलेचा अंगठा!”

“आई, समोर चपलांचंच दुकान आहे.”

“त्या किमतीत पाय नवे येतील.”

“अनवाणी आत सोडत नाहीत गं. तू थांब बाहेर.”

“नऊ दुकानं मी बाहेरूनच बघितली. दहाव्यात मी जाणार म्हणजे जाणार! तू मघाशी घेतलेल्या रुमालाची पिशवी आण, पायात घालते. रुमाल एवढासा, पिशवी पोत्याएवढी.”

“आई, लोक बघतायत!”

“बघतायत कुठे? ती पुढची बाई विचारतेय, पायातली ही कुठून घेतली म्हणून.”

दरवानाने अदबीने दार उघडलं.

“दादा, साहेबांना कळवा. सदर रस्त्यावर चपला शिवणारा एक इसम तातडीने नेमण्यात यावा, ही नम्र विनंती.”